‘रॉन्देव्हू विथ रामा’ वाचावी का? तिच्यात काय जमलंय आणि काय फसलंय?

तुम्ही लिहिलंय की अवकाशातल्या साहसाची एखादी कादंबरी वाचायची आहे, या पुस्तकाचं नाव सगळीकडे दिसतं, पण ‘पात्रं अगदी सपाट आहेत’ असंही कुणी कुणी म्हणतं, तर वेळ घालवावा का. माझं उत्तर ‘हो, वाचा’ असं आहे. आणि पात्रांबद्दलची तक्रार शंभर टक्के खरी आहे, हेही आत्ताच कबूल करून टाकतो.

आधी नावाचं सांगतो, कारण आपल्याकडे प्रत्येक जण तिथेच अडतो. इंग्रज विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्कची ही कादंबरी १९७३ची. सन २१३१मध्ये सूर्यमालेत बाहेरून एक वस्तू शिरते. खगोलशास्त्रज्ञांची ग्रीक आणि रोमन देवांची नावं तोवर वापरून संपलेली असतात आणि हिंदू देवांची यादी सुरू असते, म्हणून हिचं नाव ‘रामा’. बस्स, रामायणाशी एवढाच संबंध. क्लार्क १९५६पासून श्रीलंकेत राहत होता, म्हणजे लंकेत बसून त्याने यानाला रामाचं नाव दिलं, याची मला दर वेळी गंमत वाटते. पण त्यापलीकडे काही शोधू नका.

तर ती वस्तू आधी लघुग्रह वाटते. मग लक्षात येतं की ती दर ४ मिनिटांनी स्वतःभोवती एक फेरी मारतेय आणि अगदी गुळगुळीत नळकांड्याच्या आकाराची आहे. लांबी ५० किलोमीटर, रुंदी २०. तिला गाठू शकेल असं एकच यान जवळपास असतं, ‘एन्डेव्हर’. त्याचा कप्तान नॉर्टन आणि त्याची माणसं आत उतरतात. सूर्याला वळसा घालून ‘रामा’ निघून जाण्याआधी जेवढं पाहता येईल तेवढं पाहायचं. कथानक इतकंच.

मी हे पुस्तक कॉलेजात असताना लायब्ररीतून आणलं आणि शंभरेक पानांवर सोडून दिलं. परग्रहवासी कधी येतात याची वाट बघत होतो. ते आलेच नाहीत. (येतही नाहीत. हे सांगून मी तुमची मजा घालवत नाहीये, उलट वाचवतोय.) पुढे बऱ्याच वर्षांनी एकदा मित्रांबरोबर रात्रीचा राजगड चढलो. बॅटरीच्या उजेडात पुढची एक पायरी दिसते, बाजूला काय आहे ते फक्त वाऱ्यावरून कळतं. घरी आल्यावर हे पुस्तक आठवलं आणि पुन्हा काढलं. या वेळी दोन दिवसांत संपलं.

कारण त्यातली ती जिन्याची उतरण. आत मिट्ट काळोख, आणि नळकांड्याच्या मधल्या अक्षापासून जमिनीपर्यंत ८ किलोमीटर खाली जाणारे जिने. फिरण्यामुळे आत गुरुत्वाकर्षणासारखा जोर तयार होतो, पण तो अक्षापाशी शून्य आणि कडेला सगळ्यात जास्त. म्हणजे माणसं वर तरंगत असतात आणि जसजशी उतरतात तसतशी जड होत जातात. मी गणित करून पाहिलं, तळाशी पृथ्वीवरच्या वजनाच्या निम्म्याहून थोडं जास्त भरतं. क्लार्क हे समजावत बसत नाही. तो फक्त उतरवत नेतो, आणि हजारो पायऱ्या परत चढायच्या आहेत हे आपल्या पोटात आधी येतं, डोक्यात नंतर.

पण माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे एक भिंत. नळकांड्याच्या मध्यावर बांगडीसारखा गोल फिरलेला एक समुद्र आहे, १० किलोमीटर रुंद, आधी गोठलेला. त्याच्या उत्तरेच्या (माणसं ज्या टोकातून आत शिरतात ती बाजू) काठावरचा कडा ५० मीटर उंच आणि दक्षिणेचा तब्बल ५०० मीटर. असं का? टेम्पोत पाण्याचं पिंप ठेवा आणि गाडी एकदम सुरू करा, पाणी मागच्या बाजूला उसळतं. म्हणजे ‘रामा’ कधीतरी वेग घेणार आहे, उत्तरेच्या दिशेने, आणि बांधणाऱ्यांनी पाणी सांडू नये म्हणून मागची भिंत उंच ठेवलीय. इंजिन कुठेच दिसत नाही, पण भिंत सांगतेय की ते आहे. न दिसणाऱ्या लोकांबद्दल एवढं सांगणारा दुसरा परिच्छेद मला तरी कुठे सापडलेला नाही.

आता उणिवा. नॉर्टनच्या दोन बायका, एक पृथ्वीवर आणि एक मंगळावर. दोघींना जवळजवळ सारखाच निरोप जातो. यात केवढं नाट्य होतं! क्लार्क हलकासा विनोद करून पुढे जातो. पुस्तक मिटल्यावर नॉर्टन कसा दिसतो, कशाला घाबरतो, काही आठवत नाही. शून्य गुरुत्वाकर्षणात बायकांच्या शरीराकडे लक्ष जातं म्हणून काही जणींना यानावर घेऊच नये, असा एक शेरा आहे, तो तर आज वाचताना लाज आणतो. ‘त्या काळचं आहे’ म्हणून सोडून द्यावं, तर त्याच पुस्तकात डॉक्टर आणि त्या समुद्रावरच्या तराफ्याची कप्तान या दोन्ही बायका कामात वाघ आहेत. म्हणजे जमत होतं त्याला.

दुसरं म्हणजे संकटं फार लवकर सुटतात. बुध ग्रहावरची वसाहत घाबरून ‘रामा’वर अण्वस्त्र सोडते. खरं तर इथे चाळीस पानं श्वास रोखून वाचायला हवी होती. पण यानावरचा एक शांत, धार्मिक माणूस जातो आणि ते निकामी करून येतो. प्रकरणं छोटी असल्यामुळे धोका या प्रकरणात आला की पुढच्यात गेलासुद्धा. ‘रामा’चं काय करायचं यावर चर्चा करणाऱ्या चंद्रावरच्या समितीच्या बैठका मी दुसऱ्या वेळी सरळ चाळल्या.

‘रामा’ शेवटी ज्या प्रकारे वेग घेतो त्यात न्यूटनचा तिसरा नियम मोडतो, अशी तक्रारही ऐकाल. ती पुस्तकातलीच एक व्यक्ती करते, त्यामुळे मी ती उणीव धरत नाही.

२०१७मध्ये ‘ओमुआमुआ’ नावाची, दुसऱ्या ताऱ्यांकडून आलेली लांबुडकी वस्तू सापडली तेव्हा अनेकांना हीच कादंबरी आठवली. पृथ्वीवर आदळू शकणाऱ्या लघुग्रहांवर नजर ठेवायच्या कामाला वापरलं जाणारं ‘स्पेसगार्ड’ हे नावही इथूनच घेतलेलं आहे.

नारळीकरांच्या कथा आवडत असतील तर हिच्याशी पटकन जुळेल. इंग्रजी सोपं आहे. माणसांच्या मनात शिरणारी कादंबरी हवी असेल तर मात्र दुसरं काहीतरी घ्या. जिना उतरून होईपर्यंत वाचा, तोवर पकड बसली नाही तर खुशाल सोडा.

एक सावधगिरी. शेवटचं वाक्य असं आहे की पुढचा भाग हवाच असं वाटतं. ते क्लार्कने अगदी शेवटचा हात फिरवताना घातलं होतं, पुढे लिहायचा त्याचा विचार नव्हता. १९८९पासून जेन्ट्री ली यांच्यासोबत पुढचे भाग आले. त्यातला पहिला मी अर्धा वाचला. पुस्तकखूण अजून तिथेच आहे.