न्यूयॉर्कमध्ये पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळणारे इतके खेळाडू असूनही मोठ्या व्यावसायिक स्पर्धा तिथे क्वचितच का होतात?

मुख्य कारण जागेचं भाडं. खेळाडूंची किंवा चाहत्यांची कमतरता नाही. स्पर्धेचं टेबल ९ फुटी असतं, पण क्यू (चेंडू मारायची काठी) मागे घ्यायला चारही बाजूंना साधारण पाच फूट मोकळे लागतात, म्हणजे एका टेबलाला जवळपास खोलीभर जागा. पूलच्या यूएस ओपन स्पर्धेत २०२१ मध्ये २५६ खेळाडू होते, तेव्हा किती मोठा हॉल लागला असेल पाहा! शिवाय टेबलं तिथेच जोडावी लागतात: कापडाखालच्या स्लेट दगडाचे तीन तुकडे, सांधे मेणाने बुजवायचे, लेव्हल तपासायची, मग नवं कापड ताणायचं. इतके दिवस मॅनहॅटनमधला हॉल अडवून ठेवणं तिकीटविक्रीवर अजिबात परवडत नाही. त्यामुळे ती स्पर्धा झाली शेजारच्या न्यू जर्सी राज्यातल्या अटलांटिक सिटीच्या कॅसिनो हॉटेलात. खेळाडू आणि प्रेक्षक आठवडाभर मुक्कामाला राहतात, खोल्या भरतात, म्हणून हॉटेलला हॉल देणं फायद्याचं ठरतं. लास व्हेगासचंही तेच गणित.

मात्र हे मोठ्या स्पर्धांपुरतंच. न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातल्या स्टाइनवे बिलियर्ड्ससारख्या क्लबांत छोट्या स्पर्धा झाल्या आहेत आणि त्यांत नावाजलेले खेळाडूही उतरलेत. जवळून खेळ बघायचा असेल तर मी तिथेच जायला सांगेन.