केस जाड, राठ आणि वेव्ही आहेत, स्ट्रेटनर फिरवला तरी तासाभरात परत फुगतात. घरच्या घरी एकदम सरळ, गुळगुळीत कसे करायचे? की पार्लरमधली केरॅटिन ट्रीटमेंट करून टाकू?

माझेही केस असेच, हातात धरले तर मूठ भरेल इतके जाड आणि कानाच्या खाली आले की वळणं घेणारे, त्यामुळे तुमचा वैताग मला अगदी कळतो. पण एक गोष्ट ठामपणे सांगते, गडबड स्ट्रेटनरमध्ये नाहीये, गडबड त्याच्या आधी होतेय, केस सुकतात तेव्हा.

केसांमध्ये केरॅटिन नावाचं प्रथिन असतं आणि त्याला आकारात धरून ठेवणारे बंध मुख्यतः दोन जातीचे. हायड्रोजन बंध पाणी लागलं की सुटतात आणि केस सुकताना ज्या आकारात असतील त्याच आकारात परत जुळतात. दुसरे डायसल्फाइड बंध, ते पक्के, साध्या पाण्याने सुटत नाहीत, त्यांना तोडायला केमिकल लागतं, म्हणून तर रिबाँडिंग, म्हणजे पार्लरमध्ये केमिकलने केस सरळ करतात ते, धुतलं तरी जात नाही आणि आपलं स्ट्रेटनिंग एका धुण्यात जातं. आता तुम्ही केस धुतले, टॉवेलमध्ये गुंडाळले, मग मोकळे सोडून आपोआप सुकू दिले, तर ते स्वतःच्या वळणात मस्त सेट होऊन बसतात आणि मग तुम्ही वरून २०० डिग्रीची पट्टी फिरवता. त्यापेक्षा ओलसर असतानाच ताणून सरळ सुकवा, स्ट्रेटनरला मग फारसं काम उरतच नाही.

तर सुरुवात बाथरूममधूनच. कंडिशनर भरपूर घ्या, तो लावलेला असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढा, टोकांकडून वर. नंतर केस चोळू नका, फक्त दाबून पाणी काढा, जुना सुती टीशर्ट असेल तर टॉवेलपेक्षा तो बरा. केसाच्या वर कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक खवले असतात, त्यांची तोंडं टोकांकडे, उलटसुलट चोळलं की ते उचकटतात आणि तिथून फ्रिझ, म्हणजे केस विस्कटून फुगणं, सुरू. हीट प्रोटेक्टंट, म्हणजे उष्णतेपासून केस वाचवणारं प्रॉडक्ट, याच वेळी लावायचं, ओलसर केसांना, सगळीकडे पोचेल असं, नुसतं वरवर फवारून उपयोग नाही.

मग आधी ब्रशशिवाय ड्रायर फिरवून केस साधारण पाऊण सुकवून घ्या, नाहीतर हात मोडून येतील. त्यानंतर क्लिपा लावून भाग पाडा आणि मानेपासून सुरू करा. ड्रायरला ते चपटं नोझल लावाच, लोक ते खोक्यातच ठेवून देतात आणि खरा फरक त्यानेच पडतो कारण हवा एका दिशेने जाते. ब्रश मुळाशी घालायचा, बट ताठ ताणायची आणि ड्रायर ब्रशच्या मागून वरून खाली, मुळाकडून टोकाकडे, हवा कधीही खालून वर नाही. एक बट पूर्ण, म्हणजे पूर्ण सुकल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. सुकली का ते कसं ओळखायचं, तर मिनिटभर थांबा आणि बट गालाला लावून बघा, गार लागली तर आत अजून ओल आहे. जाड केस वरून सुकल्यासारखे वाटतात आणि आत ओले असतात, तेच तासाभराने फुगतात, मानेवरचे आणि कानामागचे तर हमखास. शेवटी बट ताणलेली असतानाच थंड हवेचं बटण दाबा, केस गार होताना आकार पक्का होतो, गरम असतानाच सोडून दिले तर परत वळतात.

इतकं नीट झालं की स्ट्रेटनर फक्त फिनिशिंगला. चर्र असा आवाज आला तर लगेच थांबा, ओल आहे, आतलं पाणी उकळून केसाला आतून बुडबुडे पडतात आणि ते नुकसान भरून येत नाही. राठ केसांना १८० ते २०० पुरतं, कलर किंवा ब्लीच केलेले असतील तर १५०-१६० च्या आसपासच राहा. बट इतकी पातळ घ्या की पलीकडचं दिसेल, पुढे बारीक दातांचा कंगवा आणि त्याच्या मागोमाग स्ट्रेटनर, एकदाच, सावकाश. भराभर पाच वेळा फिरवण्यापेक्षा एकदा हळू फिरवलेलं केव्हाही चांगलं.

सीरम दोन-तीन थेंब, तळव्यांवर चोळून आधी टोकांना, मग मधल्या लांबीला, हातावर उरेल तेवढंच वरून, मुळांना नकोच, चिकट दिसतं. यातलं सिलिकॉन हवेतला दमटपणा आत शिरायला अडवतं, आणि दमट हवेत केस फुगतात ते तेच हायड्रोजन बंध परत हलल्यामुळे, त्यामुळे ही पायरी दमट दिवसात सोडू नका. रात्री सॅटिनचा स्कार्फ बांधून झोपा, दुसऱ्या दिवशीही बऱ्यापैकी टिकतात.

केरॅटिन ट्रीटमेंटबद्दल विचारलंय म्हणून सांगते, मी करत नाही. त्यातल्या बऱ्याच प्रॉडक्टमधून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू बाहेर पडतो, लेबलवर फॉर्मल्डिहाइड फ्री लिहिलेलं असलं तरी मेथिलीन ग्लायकॉल असेल तर तापल्यावर तेच निघतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलंय. तुम्हाला करायचंच असेल तर निदान घटकांची यादी आधी मागून वाचा आणि खोलीत हवा खेळती असेल तिथेच करा.

आणि रोज हे सगळं करू नका, आठवड्यात एकदा नीट ब्लो ड्राय केला की मधल्या दिवसांत फक्त भांगाजवळच्या आणि कपाळावरच्या बटा सारख्या करा, समोरून दिसतात त्याच, बाकीच्यांना परत गरम पट्टी लावायची गरजच पडत नाही.