होस्टेल की रोजचं अप-डाऊन?

प्रवेश नक्की झाला की पहिले दोन दिवस आनंदात जातात आणि तिसऱ्या दिवसापासून घरात एकच विषय सुरू होतो: रोज ये-जा करायची की होस्टेलला राहायचं? या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना आज उत्तरं देते आहे. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि ओळख पटेल असा मजकूर वगळला आहे.

प्रश्न : माझं विद्यापीठ घरापासून दीड तासावर आहे. घरचे म्हणतात, 'दीड तास म्हणजे काही लांब नाही, गाडीत अभ्यास होईल.' होस्टेलला जागा मिळते आहे, पण आठवडाभरात कळवायचं आहे. काय करू?

उत्तर : आधी तो दीड तास कुठून कुठपर्यंत मोजलाय ते बघ. बहुतेक घरांत थांब्यापासून थांब्यापर्यंत मोजतात. तू घराच्या उंबऱ्यापासून वर्गातल्या बाकापर्यंत मोज. गाडी चुकू नये म्हणून आधी निघतो ती दहा मिनिटं, उतरल्यावरची पायपीट, फाटकापासून इमारतीपर्यंतचं अंतर, सगळं त्यात धर. नकाशावरची वेळ रविवारी दुपारी बघून उपयोग नाही. पहिलं लेक्चर ज्या वेळी असेल त्या वेळी, कामाच्या दिवशी, एकदा खरंच जाऊन ये. परतताना संध्याकाळच्या गर्दीत ये.

मग गुणाकार कर. अगदी दीडच तास निघाला तरी रोजचे तीन, पाच दिवसांचे पंधरा, आणि सोळा आठवड्यांच्या सत्रात २४०. रोज आठ तास काम धरलं तर हे पूर्ण ३० दिवस होतात. आकड्याने घाबरून जाऊ नकोस. या तासांचं नेमकं काय होणार, एवढंच शोधून काढ. एकच गाडी, बसायला हमखास जागा आणि सलग पाऊण तास मिळत असेल, तर वाचन आणि उजळणी छान होते. मी असे विद्यार्थी पाहिले आहेत. पण दोनदा गाडी बदलायची आणि उभ्याने जायचं असेल, तर 'गाडीत अभ्यास' हे फक्त बोलण्यापुरतं उरतं. गणितं सोडवणं, आकृत्या काढणं, मोठं लेखन हे तर बसायला मिळालं तरी होत नाही.

प्रवास किती लांबचा आहे याइतकाच तो किती बेभरवशाचा आहे, हेही बघायला हवं. रेल्वेने न्यूयॉर्कला कामावर येणाऱ्यांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आपला प्रवास बेभरवशाचा वाटत होता, त्यांच्यावर ताण जास्त होता. रोज ठरलेली ७० मिनिटं अंगवळणी पडतात. कधी ५० तर कधी ११० मिनिटं लागत असतील, तर मनाने तू रोज ११०चीच तयारी ठेवतोस.

आता झोप. म्युनिकच्या टिल रोनेनबर्ग या झोपेच्या अभ्यासकांनी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा तपासल्या. उशिरा झोपून उशिरा उठण्याकडे शरीराचा कल साधारण विसाव्या वर्षापर्यंत वाढत जातो आणि मग हळूहळू ओसरतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे ज्या वयात शरीर उशिरा उठू पाहतं, नेमक्या त्याच वयात तू पहाटेचा गजर लावणार. रात्री लवकर आडवं झालं म्हणून लवकर झोप लागेलच असं नाही. ही तूट परीक्षेच्या महिन्यात अंगावर येते, आणि घरच्यांना तो आळस वाटतो.

माझा स्वतःचा अंदाजे नियम असा आहे. दारापासून बाकापर्यंत पाऊण तास आणि एकच गाडी असेल, तर घर. सव्वा तासाच्या पुढे आणि गाडी बदलायची असेल, तर होस्टेल. मधल्या पट्ट्यात वेळापत्रकावर ठरव: सकाळची लेक्चरं किती, प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं, मध्ये ऑफ तास किती. तुझ्या बाबतीत मी होस्टेल म्हणेन, निदान पहिलं वर्ष. बहुतेक ठिकाणी वर्षाच्या मध्ये होस्टेल सोडता येतं, पण मध्येच मिळवणं अवघड जातं. जागा घेण्यापूर्वी मात्र लेखी विचारून घे की एका सत्रानंतर सोडलं तर डिपॉझिट परत मिळतं का आणि उरलेल्या सत्राचं भाडं भरावं लागतं का.

प्रश्न : मुलगी हुशार आहे, पण सरळ आहे. होस्टेलमध्ये संगत कशी मिळेल सांगता येत नाही. घरी असली की अभ्यासावर आमचं लक्ष राहील. आमची काळजी चुकीची आहे का?

उत्तर : चुकीची नाही. रूम पार्टनरचा परिणाम होतो, आणि याला चांगला पुरावा आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये पहिल्या वर्षाला कोणी कोणाबरोबर राहायचं हे जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरायचं. त्याचा फायदा घेऊन अर्थतज्ज्ञ ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ साली दाखवलं की एकाच खोलीतल्या मुलांच्या गुणांचा एकमेकांवर परिणाम होतो. अमेरिकेतल्याच बेरिया कॉलेजमधला २००८ सालचा अभ्यास तर आणखी बोलका आहे. ज्यांच्या रूम पार्टनरने व्हिडिओ गेमचा संच आणला होता, ती मुलं रोज सुमारे चाळीस मिनिटं कमी अभ्यास करत होती आणि त्यांचे गुणही घसरले होते.

पण यात आणखी एक गोष्ट दिसते. नुकसान 'वाईट संगतीने' केलं नव्हतं. खोलीत एक खेळ होता, एवढंच. म्हणून मुलीला 'नीट राहा' असं मोघम सांगू नका. खोलीत अभ्यास होईल ही अपेक्षाच ठेवू नकोस, लेक्चर संपलं की थेट वाचनालयात जाऊन दोन तास बसून मगच खोलीवर जा, असं नेमकं सांगा. खोली बदलून मागायची वेळ आली तर कोणाकडे आणि केव्हा अर्ज करायचा, हेही तिला पहिल्याच आठवड्यात माहीत असू दे.

आणि आता थोडं तुमच्याशी. 'आमचं लक्ष राहील' हे अठरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत किती दिवस चालणार? सरळ असणं म्हणजे नाही म्हणता न येणं असेल, तर ते तिला कधीतरी शिकावंच लागेल, आणि ते शिकताना घर एका फोनच्या अंतरावर असणं ही मोठी सोय आहे. रोज संध्याकाळी 'काय अभ्यास केलास' विचारण्यापेक्षा 'आज कोणाशी बोललीस' हे विचारा. त्यातून तुम्हाला जास्त कळेल.

प्रश्न : मी अप-डाऊन करते. होस्टेलवाल्यांचे ग्रुप झाले आहेत. रात्री त्यांच्यात ठरलेल्या गोष्टी मला सकाळी कळतात. माझ्याशी कोणी वाईट वागत नाही, पण मी कशातच नाही.

उत्तर : तुझं हे शेवटचं वाक्य मी कितीतरी जणांकडून ऐकलं आहे. आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटत असेल, तर ते आधी मनातून काढ.

मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थी-वसाहतीत कोणाची मैत्री कोणाशी होते ते तपासलं आणि १९५० साली ते प्रसिद्ध केलं. शेजारच्याच दारातल्यांना जवळचे मित्र म्हणणाऱ्यांचं प्रमाण ४१ टक्के होतं, तर त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांच्या बाबतीत ते १० टक्क्यांवर आलं. एकाच मजल्यावर, काही पावलांच्या अंतराने एवढा फरक! स्वभाव, आवडीनिवडी हे पुढचं. आधी येता-जाता गाठ पडावी लागते. होस्टेलवाल्यांची ती आपोआप पडते, तुला ती ठरवून घडवावी लागेल.

शेवटचं लेक्चर संपलं की तू घाईने निघत असशील. आठवड्यातले दोन दिवस पक्के ठरव आणि त्या दिवशी पुढची गाडी घे. ऑफ तासाला दरवेळी त्याच जागी बस, म्हणजे तू कुठे सापडशील हे चार लोकांना कळेल. मोठ्या कार्यक्रमांपेक्षा दर आठवड्याला भेटणाऱ्या छोट्या गटात जा, मग तो नाटकाचा असो, खेळाचा किंवा अभ्यासाचा. एकदाच भेटलेल्या पन्नास जणांपेक्षा दहा वेळा भेटलेली चार माणसं जवळची होतात. तुझ्यासारखं ये-जा करणारं वर्गात आणखी कोण आहे, तेही शोध. एकाच गाडीचा रोजचा तास हीसुद्धा शेजारचीच खोली आहे.

आणि रात्री ठरलेलं तुला सकाळी कळतं, हे त्यांच्यापैकी एकीला स्पष्ट सांग. बहुतेक वेळा कोणाच्या ते लक्षातच आलेलं नसतं.

प्रश्न : होस्टेल परवडत नाही. कर्ज काढून राहावं का? शिक्षक म्हणतात, होस्टेलची मुलं शिक्षण अर्धवट सोडत नाहीत.

उत्तर : तुझे शिक्षक म्हणतात त्याला आधार आहे. अमेरिकेत सत्तरच्या दशकापासून झालेल्या अनेक पाहण्यांत होस्टेलवासी मुलांची गळती कमी दिसली आहे. पण त्या काळापासूनच एक शंकाही आहे: होस्टेलला राहणारी मुलं अनेकदा मुळातच बऱ्या परिस्थितीतली असतात आणि त्यांना पार्ट-टाइम नोकरीही कमी करावी लागते. मग श्रेय खोलीला किती आणि परिस्थितीला किती? ते वेगळं करणं सोपं नाही. त्यामुळे 'होस्टेल नाही म्हणजे शिक्षण सुटणार' अशी धास्ती घेऊ नकोस.

हिशेब मांडताना होस्टेलचा पूर्ण खर्च आणि शून्य यांची तुलना करू नकोस. घरी राहिलास तरी पास, इंधन, बाहेरचं खाणं, चुकलेल्या गाडीमुळे करावी लागणारी रिक्षा हे सगळं लागतंच. दुसरीकडे होस्टेलचं भाडं किती महिन्यांचं आहे, सुट्टीत खोली रिकामी करावी लागते का, मेस सक्तीची आहे का, हे विचार. मग जो फरक उरेल तोच खरा खर्च.

तो फरक कर्ज काढूनच भरावा लागणार असेल, तर माझं मत असं: फीसाठी कर्ज काढायला हरकत नाही, पण अंतर झेपण्यासारखं असताना केवळ राहण्यासाठी काढू नकोस. त्याआधी विद्यार्थी कल्याण कार्यालयात जाऊन शिष्यवृत्ती, भाड्यात सवलत आणि होस्टेलमधलीच कामं यांची चौकशी कर. फक्त परीक्षेच्या काळापुरती खोली मिळते का, हेही विचार. काही ठिकाणी मिळते, आणि ते फार कमी जण विचारतात.

प्रश्न : आई आजारी असते, धाकटा भाऊ शाळेत आहे. होस्टेल मिळालं तरी मी कशी जाऊ? पण नाही गेले तर आयुष्यभर खंत राहील, असंही वाटतं.

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. तू गेलीस तर घर सोडल्याचा अपराध आणि राहिलीस तर स्वतःला सोडल्याचा, असं तुला वाटतं आहे. यातलं काहीच अपराध नाही.

एका कागदावर घरी तू करतेस ती कामं लिही, अगदी औषधं आणण्यापासून भावाच्या अभ्यासापर्यंत. प्रत्येक कामापुढे लिही की ते तूच करायला हवंस, की सध्या तू करतेस इतकंच. मग मामा-मावशी, काका-आत्या, शेजारी जे कोणी असतील, त्यांच्यासमोर ती यादी ठेव. मोघम मदत मागितली तर लोक 'हो हो' म्हणतात आणि विसरतात. 'दर मंगळवारी दवाखान्यात नेशील का?' असं विचारलं की हो किंवा नाही मिळतं.

यादी करूनही राहावंच लागलं, तर विद्यापीठात हे लपवू नकोस. विभागप्रमुखांना पहिल्याच महिन्यात भेट. हजेरीत सूट, प्रॅक्टिकलची बॅच बदलणं, सबमिशनला मुदत, यांतलं काय शक्य आहे ते आधी सांगितलं तर सोपं जातं. पेपर बुडाल्यावर सांगितलं तर ती सबब वाटते. आणि आईशी बोल. तिला काय वाटतं, ते तुझ्या पत्रात कुठेच नाही.

प्रश्न : मी दुचाकीने ये-जा करतो. प्रयोगशाळेतून निघायला रात्रीचे अकरा होतात. सवय आहे, पण घरचे ओरडतात.

उत्तर : घरच्यांचं बरोबर आहे. १९९७ सालच्या एका प्रयोगात सलग १७ तास जागं राहिलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावली होती. अनेक देशांत एवढ्या प्रमाणाला गाडी चालवायला बंदी आहे. तू सकाळी सहाला उठत असशील, तर रात्री अकराला बरोबर १७ तास होतात. सवयीने रस्ता पाठ होतो, झोप पाठ होत नाही. उशीर होणार असेल त्या दिवशी होस्टेलमधल्या मित्राकडे रीतसर पाहुणा म्हणून राहा, किंवा मार्गदर्शकांना वेळ बदलून माग. हे माझ्या सर्व उत्तरांतलं सर्वांत तातडीचं आहे.

प्रश्न : होस्टेलला येऊन तीन आठवडे झाले. रोज रडू येतं. दर शनिवारी घरी जातो, तरी रविवारी रात्री पुन्हा तेच. सोडून देऊ का?

उत्तर : आत्ता नाही. घरची ओढ बहुतेकांना सुरुवातीच्या आठवड्यांतच सर्वांत जास्त छळते, आणि तू नेमका त्यातच आहेस. दर शनिवारी घरी गेल्यामुळे निरोप दर आठवड्याला नव्याने घ्यावा लागतो. शिवाय होस्टेलमध्ये ओळखी होतात त्या सुट्टीच्या निवांत वेळात, आणि नेमका तोच वेळ तू तिथे नसतोस. पुढचे दोन शनिवार-रविवार तिथेच काढ. घरी फोन कर, पण तो झोपण्यापूर्वी करू नकोस. संध्याकाळी कर आणि त्यानंतर कोणाबरोबर तरी जेवायला जा.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, लेक्चरं बुडत असतील किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र वाट बघू नकोस. आजच रेक्टरांना किंवा विद्यापीठाच्या समुपदेशकांना भेट आणि घरी सांग. तसं नसेल, तर सत्र संपण्याची तारीख वहीत लिहून ठेव आणि सोडायचं की नाही ते त्या दिवशी ठरव. तेव्हाही घरी परत जावंसं वाटलं, तर खुशाल जा. घरच्यांना काय सांगायचं अशी चिंता वाटली, तर मला पुन्हा लिही.