जुन्या साड्यांचे कपडे शिवून विकणार असशील तर

मशीन नंतर घे, आधी साडी पारखायला शीक. साडी उजेडाकडे धरून बघ. सुती साडी बहुतेकदा निऱ्यांच्या खालच्या काठाला आणि खांद्यावर पिन लावतात तिथे विरलेली असते. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून राहिली की घडीवरच चिरते. दोन्ही हातांनी हलका ताण दे. कापड चरचरलं तर त्याचा कुर्ता नको, गोधडीत घाल. मग ओलं पांढरं फडकं घासून रंग सुटतो का बघ, नाहीतर पहिल्या धुण्यातच गिऱ्हाईक तुटतं.

साडेपाच मीटरांतून खराब भाग वगळून हाती किती उरलं ते दर साडीला वहीत लिही, किंमत त्यावरच ठरते. त्यात धुणं, उसवणं, इस्त्री आणि तुझी मजुरी धर. ‘घरीच तर करते’ म्हणत बायका स्वतःची मजुरी सोडून देतात, ते मला मुळीच पटत नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नकोस. आणि पॉलिस्टरचं अस्तर लावलं असेल तर लेबलवर तसं स्पष्ट लिही.