'स्टीम फ्रिगेट'ला आगबोट म्हणावं का?

प्रश्न असा: मुंबईच्या गोदीत बांधलेल्या 'पंजाब' या जहाजाला इंग्रजीत 'स्टीम फ्रिगेट' म्हणतात, मग मराठीत सरळ 'आगबोट' लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. आगबोट म्हटलं की जहाज कशावर चालतं एवढंच कळतं. कोकणात उतारू नेणारीही आगबोटच. 'फ्रिगेट' हा शब्द मुळात तोफांचा. शिडांच्या काळात तीन डोलकाठ्यांच्या, तोफांचा एकच सलग मजला असलेल्या वेगवान लढाऊ जहाजाला फ्रिगेट म्हणत. त्याहून मोठ्या जहाजांवर असे दोन-तीन मजले असत.

वाफ आली आणि हा हिशेब बिघडला. 'पंजाब' १८५४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारासाठी वाडिया या जहाजबांधणीच्या घराण्याने सागवानात बांधली. तिच्या दोन्ही कुशींना भलीमोठी चाकं होती. चाकं आणि इंजिन जहाजाच्या मधोमध, म्हणजे नेमकी तोफांची जागा अडवून! म्हणून अशा जहाजांवर तोफा थोड्या, पण भारी असत. काम फ्रिगेटचंच होतं, त्यामुळे नाव टिकलं. शिडंही होतीच, वारा असताना कोळसा कशाला जाळा? तिच्याच जोडीच्या जहाजाचं नाव होतं 'असाये', म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातलं १८०३ च्या लढाईचं असई. १८५६-५७ च्या इराणवरच्या मोहिमेत दोघी होत्या.

१८६३ मध्ये ते आरमार मोडलं आणि जॉन विलिस या जहाजमालकाने दोन्ही विकत घेतल्या. 'पंजाब'मधलं इंजिन काढून तिला निव्वळ शिडाचं व्यापारी जहाज केलं, नाव ठेवलं 'द ट्वीड'. ती इतकी छान पळायची की पुढे 'कटी सार्क' या त्याच्या नामांकित शिडाच्या जहाजाचा बांधा ठरवताना विलिसच्या डोळ्यांसमोर तीच होती, असं सांगतात. सागवानी सांगाडा तोच, पण इंजिन गेल्यावर ती आगबोट उरली नाही आणि तोफा गेल्यावर फ्रिगेटही. दोन शब्द दोन वेगळ्या गोष्टी सांगतात ते इथे स्वच्छ दिसतं.

आणखी एक गंमत. माझगाव गोदीत बांधलेली भारतीय नौदलाची १९७२ ची फ्रिगेट 'नीलगिरी'ही वाफेच्या टर्बाइनवरच चालायची, पण तिला कोणी 'स्टीम फ्रिगेट' म्हणत नाही. शिडाच्या फ्रिगेटी संपल्यावर वेगळं सांगायची गरजच उरली नव्हती.

तेव्हा 'वाफेची फ्रिगेट' लिहा, स्त्रीलिंगीच. पहिल्या उल्लेखात 'शिडं आणि वाफ दोन्हींवर चालणारी' एवढं जोडा. 'युद्धनौका' चुकीचं नाही, पण त्यात छोट्या गनबोटीपासून सगळंच येतं.