सीईएच की ओएससीपी? दोन्ही नंतर, आधी नेटवर्क शीक

कणकवलीहून तू विचारलंयस की बीएस्सी आयटी झालंय, नेटवर्क सिक्युरिटी कन्सल्टंट व्हायचंय, तर सीईएच करू की ओएससीपी (दोन्ही एथिकल हॅकिंगची सर्टिफिकेट्स), आणि पुण्याला जावंच लागेल का. मी रत्नागिरीत राहून बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अरे, दोन्ही आत्ता नको. ओएससीपीची परीक्षा जवळजवळ २४ तास चालते आणि तिथे पाठांतर कामाला येत नाही. आधी सीसीएनएचा, म्हणजे सिस्कोच्या नेटवर्किंग सर्टिफिकेटचा अभ्यास कर, सबनेटिंग (नेटवर्कचे छोटे भाग पाडणं), व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं), नॅट (आतले आयपी पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणं) हातात बसू दे. घरी जुना पीसी पडला असेल तर त्यावर पीएफसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर टाक, नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारं वायरशार्क लाव आणि एक साधी वेबसाइट उघडताना नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसपासून कनेक्शन गुप्त करणाऱ्या टीएलएसपर्यंत काय काय जातं येतं ते रोज बघत बस.

का सांगतो ऐक. एका आंबा कॅनिंगवाल्यांचा ऐन मे महिन्यात पहाटे फोन, टॅलीच्या सगळ्या फायली लॉक आणि स्क्रीनवर पैशाची मागणी. गेलो तर अँटीव्हायरस होता, फायरवॉल पण होती, पण अकाउंटंटला घरून काम करता यावं म्हणून कुणीतरी ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपची वाट, सरळ इंटरनेटवर उघडून ठेवलेला. इव्हेंट लॉग उघडला तर ४६२५, ४६२५, ४६२५, म्हणजे फसलेले लॉगिन, खाली खाली जात राहिलो तरी संपेनात, आणि रात्री दोनच्या सुमाराला एकच ४६२४, म्हणजे जमलेलं लॉगिन. तेव्हा हल्लेखोर आत आला. बॅकअपची डिस्क कायम त्याच मशीनला लावलेली, ती पण गेली. वाचलो ते मालकांच्या सुनेने पाडव्याला कॉपी करून कपाटात ठेवलेल्या हार्डडिस्कमुळे, मधली बिलं आम्ही बिलबुकं समोर घेऊन पाच दिवस परत टाकत बसलो.

हे शोधायला मला हॅकिंगचं एकही टूल लागलं नाही, लॉग वाचता आला पाहिजे एवढंच. म्हणून मी कुठेही गेलो की आधी वही घेऊन चालत फिरतो, कुठली केबल कुठल्या स्विचला जाते ते स्वतः काढतो. तारकर्लीकडच्या रिसॉर्टमध्ये हमखास गेस्ट वायफाय आणि बिलिंगचा कॉम्प्युटर एकाच स्विचवर असतात, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डीव्हीआरला कंपनीतून आलेलाच, कधी न बदललेला पासवर्ड, आणि २०१६ चा मिराय हा मालवेअर असल्याच पासवर्डांवर पसरला होता.

एक गोष्ट मात्र पक्की धर, लेखी परवानगीशिवाय कुणाचं नेटवर्क स्कॅन करायचं नाही, ओळखीचं असलं तरी नाही. आयटी कायद्याच्या कलम ४३ खाली नुकसानभरपाई आणि हेतू वाईट दिसला तर ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २०२२ चे निर्देश पण वाचून काढ, घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे, पतपेढीवाले पहिलं हेच विचारतात.

पुण्याचं म्हणशील तर दोन वर्षं जा, एखाद्या एसओसीत, म्हणजे दिवसरात्र अलर्टवर नजर ठेवणाऱ्या सुरक्षा केंद्रात, नाइट शिफ्ट कर, इथे वर्षभरात दिसणार नाहीत एवढे अलर्ट तिथे आठवड्यात बघशील. मग परत ये, इकडे काम भरपूर आहे आणि करणारी माणसं कमी.

तोवर घरच्या नेटवर्कचा नकाशा काढून इथे टाक, पब्लिक आयपी झाकून. मी बघून सांगतो.