९८ टक्के अचूकता आणि शेतातलं पान

प्रश्न : मुलगी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचा नारायणगावजवळ दोन एकर टोमॅटो आहे. पानाच्या फोटोवरून रोग ओळखायचा प्रोजेक्ट तिनं केला, अचूकता ९८ टक्के आली. आता एका जर्नलचा मेल आलाय : १,८०० रुपये भरा, तीन दिवसांत पेपर छापतो. पीएचडीला पेपर लागतोच, असं तिचं म्हणणं. पैसे भरावेत का? आणि कॅम्पसची नोकरी सोडून रिसर्चला जाणं परवडेल का? शिक्षणकर्ज फिटायचंय. – एक पालक, ता. जुन्नर

उत्तर :

नमस्कार. पैसे भरू नका.

तीन दिवसांत पेपर छापला जातो, पण वाचला जात नाही. चांगल्या कॉन्फरन्सला (संशोधन परिषदेला) पाठवलेला पेपर साधारण तीन परीक्षक वाचतात आणि निकाल यायला दोन-तीन महिने लागतात. संगणकशास्त्रात बऱ्याच शाखांत जर्नलपेक्षा कॉन्फरन्सलाच वजन जास्त, हेही मुलीला माहीत असू द्या. मेलमध्ये ‘यूजीसी केअर लिस्टेड’ असं लिहिलं असेल तर त्याला भुलू नका, मान्य जर्नलांची ती यादी यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद केली. तपासायचं असेल तर डीबीएलपी ही संगणकशास्त्रातल्या पेपरांची मोफत सूची उघडा. तिथं त्या जर्नलचं नाव नसेल तर विषय संपला. असलं तरी त्यातले गेल्या वर्षीचे चार पेपर तिनं स्वतः वाचावेत, मग ठरवावं.

पेपर असल्याशिवाय पीएचडीला प्रवेश नाही, हा गैरसमज आहे. मुलाखतीत संभाव्यता, रेषीय बीजगणित, अल्गोरिदम विचारतात. पेपर असलाच तर त्यावर विचारतात : टेस्टचे, म्हणजे प्रोग्रामची परीक्षा घ्यायचे, फोटो शिकवायच्या फोटोंतून वेगळे कसे काढले? इथं ती अडखळली तर छापलेला पेपरच तिच्या अंगाशी येईल.

म्हणून त्या ९८ टक्क्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो. असे प्रोजेक्ट बहुतेक ‘प्लांटव्हिलेज’ या फोटोसंग्रहावर होतात. तिनं तोच वापरलाय का, आधी विचारा. २०१६ मध्ये मोहंती, ह्यूजेस आणि सालाते या तिघांनी त्यावर पेपर लिहिला : ५४,३०६ फोटो, १४ पिकं, पीक आणि रोग मिळून ३८ वर्ग, अचूकता ९९.३५ टक्के. पण त्याच पेपरात पुढं आहे, की दुसऱ्या परिस्थितीत काढलेले फोटो मॉडेलला, म्हणजे फोटोवरून रोग ओळखायला शिकलेल्या प्रोग्रामला, दाखवले तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या जरा वर, एवढीच उरली. कारण संग्रहातली पानं तोडून एकसारख्या कागदावर ठेवून टिपलेली. २०२२ मध्ये तर पान वगळून, मागच्या पार्श्वभूमीतल्या फक्त ८ पिक्सेलांवरून (फोटोतल्या बारीक ठिपक्यांवरून) ४९ टक्के उत्तरं बरोबर काढून दाखवली गेली. नुसत्या अंदाजानं ती २.६ टक्के आली असती. म्हणजे या संग्रहावर मॉडेल रोगाऐवजी मागचा कागद ओळखायलाही शिकू शकतं.

आणखी एक खाच आहे. या संग्रहात एकाच पानाचे अनेक फोटो आहेत. सगळे फोटो पिसून ८०-२० असे वाटले, की तेच पान ट्रेनिंगमध्येही (मॉडेलला शिकवायच्या फोटोंत) येतं आणि टेस्टमध्येही. परीक्षेआधीच पेपर फुटल्यासारखं होतं ते. २०१६ च्या पेपरात ही काळजी घेतली होती, विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये बहुतेक वेळा हेच राहून जातं. शिवाय टोमॅटोचे १० वर्ग त्यात आहेत, पण नागअळी नाही. तुमच्या प्लॉटमधलं नागअळीचं पान दाखवलं तरी मॉडेल त्या दहांपैकीच एक नाव सांगणार, आणि तेही ठामपणे.

आता खरं काम सांगतो. त्यासाठी लागणारं शेत तुमच्या दारात आहे, जे भल्याभल्या प्रयोगशाळांकडे नसतं. ५० झाडं निवडा. प्रत्येक झाडाचे चार फोटो मोबाइलवर काढायचे : सकाळी एक आणि दुपारी एक झाडावरच्या पानाचा, तसेच तळहातावर धरून दोन. झाले २०० फोटो. प्रत्येकाला झाडाचा क्रमांक, तारीख आणि वेळ हवी. मग दोन जाणकारांकडून, एकमेकांना न दाखवता, रोगाचं नाव लिहून घ्या. एक तुमचे कृषी सहायक आणि दुसरे नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रातले तज्ज्ञ चालतील. दोघांचं किती जुळलं हे, योगायोगाचा भाग वगळून, ‘कप्पा’ या आकड्यात मांडतात. नुसती टक्केवारी फसवते, कारण निम्मी पानं निरोगी असली की योगायोगानंही बरंच जुळतं. माणसांचंच चारातल्या एका पानावर जुळत नसेल, तर मॉडेलच्या ९८ ला अर्थ काय राहिला?

यानंतर जुनं मॉडेल जसंच्या तसं या २०० फोटोंवर चालवायचं. आकडा कोसळेल. घाबरू नका, संशोधन इथून सुरू होतं. मग ३५ झाडांचे फोटो ट्रेनिंगमध्ये घालायचे आणि १५ झाडं पूर्ण बाजूला ठेवायची. वाटणी फोटोंची नव्हे, झाडांची करायची. पाच वेगवेगळ्या रँडम सीडवर, म्हणजे दरवेळी वेगळ्या योगायोगी सुरुवातीनं, चालवून सरासरी आणि चढउतार दोन्ही लिहायचे. टेस्टला ६० फोटो असताना एक चुकला की १.७ टक्के हलतात, तेव्हा ‘९३.४७’ असं दोन दशांश लिहिणं बरोबर नाही. शिवाय एकूण अचूकतेवर न थांबता रोगवार सांगायचं : उशिराच्या करप्याची खरी पानं किती, त्यातली पकडली किती. शेतकऱ्याचं नुकसान सुटलेल्या करप्यानं होतं.

यातून चार पानांचा प्रामाणिक अहवाल होतो. तो तिनं तिसरं वर्ष संपायच्या आत पुरा करावा. मग त्या विषयावरच्या पाच-सहा प्राध्यापकांना मेल. दीडशे शब्द पुरे : त्यांच्या कोणत्या पेपरातली कोणती गोष्ट तिनं तपासली, काय वेगळं आलं, अहवालाची आणि कोडची लिंक. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला तर तो तसाच ओळखू येतो. भारतीय विज्ञान अकादमीची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप आहे, तिथंही अर्ज करावा.

तिला कोडपेक्षा माणसांचा प्रश्न जास्त खुणावत असेल, तर आणखी एक दार आहे. शेतकरी अ‍ॅपमध्ये उत्तर पाहूनही औषध मात्र कृषी सेवा केंद्रातल्या माणसाला विचारूनच का घेतो? हा इन्फर्मेशन सिस्टिम्सचा, म्हणजे माणसं तंत्रज्ञान कसं वापरतात याच्या अभ्यासाचा, प्रश्न. यावर पीएचडी अहमदाबाद, कोलकाता, बंगळुरूच्या आयआयएममध्ये होते. तिथं मुलाखती, सर्वेक्षण आणि संख्याशास्त्र जास्त, अल्गोरिदम कमी. इंजिनिअर मुलांना ही वाट कुणी सांगतच नाही, याचं वाईट वाटतं.

आता पैशाचं. शेवटच्या वर्षी फेब्रुवारीत गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा द्यायची. कॉम्प्युटर सायन्सचा पेपर आहेच, शिवाय २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचाही आहे. गुण तीन वर्षं चालतात. आयआयटी मुंबई किंवा मद्रासचं एमएस बाय रिसर्च (संशोधनावर भर असलेली पदव्युत्तर पदवी), बंगळुरूच्या आयआयएससीचं एमटेक रिसर्च, या संशोधन चाखून बघायच्या चांगल्या जागा आहेत. काही आयआयटींत बीई नंतर थेट पीएचडीही मिळते. पीएचडीची फेलोशिप २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढं ४२,००० रुपये आहे. पाच वर्षं धरून चाला. साध्या एमटेकचे १२,४०० रुपये मात्र हप्त्याला पुरणार नाहीत.

नोकरी सोडायला मी सांगणार नाही. कॅम्पसची ऑफर घ्यावी, गेटही द्यावी आणि निर्णय प्रवेशाचं पत्र हातात आल्यावर करावा. ऑफरमधली बॉण्डची अट सही करण्याआधी नीट वाचा. कर्जाचा हप्ता जवळ आला असेल तर वर्षभर नोकरी करूनही गेटचे गुण वापरता येतात. पुढचं शिक्षण नक्की झालं तर बँकेला आधी लेखी कळवा, हप्ता थकल्यावर नको.

झाडांना नंबर बांधायचं काम तुम्ही घ्या. प्लास्टिकची पट्टी आणि पाण्यानं न पुसणारं मार्कर पेन घ्या. पट्टी खोडाला न आवळता सुतळीला बांधा. त्या ५० झाडांवर कोणती फवारणी कधी झाली, ते तारखेसह वहीत लिहा. फवारणीचे पांढरे डाग फोटोत रोगासारखे दिसतात, आणि कोणता डाग कशाचा, हे मुलीला तुमच्या वहीवरूनच कळेल.